अर्धी उदबत्ती, आकडा अठ्ठेचाळीस

सोमवार, ता. ३

हिशेबाच्या वहीची मागची चाळीस पानं कोरी राहिली होती. कोरं पान रद्दीत घालणं माझ्या हातून होत नाही, म्हणून आजपासून त्यांवर रोजचं लिहायचं ठरवलं. पुढून हिशेब, मागून मन. मध्ये कुठेतरी दोघं भेटले की वही संपली.

निमित्त म्हणजे आज थोरलीचं मशीन घरी आलं. तिच्या प्रयोगशाळेत फरश्या बदलायचं काम निघालंय, जिकडे तिकडे धुरळा, आणि हिच्या प्रयोगाला धुळीचा कण चालत नाही. तेव्हा तिच्या मोठ्या मॅडमनीच विचारलं म्हणे, "तुझ्या आईचं घर फार स्वच्छ असतं ना? तिथे जमेल का?" आज त्या स्वतः बघायला आल्या होत्या. मागच्या खोलीच्या खिडकीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट जसंच्या तसं! अठ्ठावीस वर्षांच्या ओल्या फडक्याचं चीज झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. यांच्या हसण्यावर बहुतेक कर बसलाय.

जाताना म्हणाल्या, "पंचवीस तारखेला मी इथेच येऊन आकडे बघेन. जुळले तर प्रबंध पुढे पाठवू. नाहीतर आणखी एक वर्ष."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. चार वर्षं पोरगी या पाण्याच्या मागे आहे. धाकटा तिकडे परगावी नोकरीला लागून मोकळा झाला, आणि ही अजून बाटल्या विसळतेय.

सासूबाईंनी दारातून सगळं पाहून घेतलं. "काचेच्या बाटल्या, रबरी नळ्या, बुचं... सूनबाई, दारू गाळणार असाल तर आधी सांगा. मी माझी खाट पुढच्या खोलीत हलवते."

मंगळवार, ता. ४

मशीन म्हणजे बशीएवढी तबकडी. तिच्यावर पाण्याची बाटली ठेवायची. तबकडीतून आवाज निघतो, पण इतका बारीक की माणसाच्या कानाला तो कळतच नाही. शून्यापासून शंभरापर्यंत आकडे असलेलं एक गोल बटण आहे, ते फिरवलं की आवाजाचा जोर वाढतो. पाण्यात पहिला बुडबुडा फुटला की शेजारच्या डबीत 'टिक्' वाजतं आणि थोरली तो आकडा लिहून घेते.

"न उकळता बुडबुडा येतो कुठून गं?" मी विचारलं.

"आवाज पाण्याला एकदा दाबतो, एकदा ताणतो. फार ताणलं की पाणी तुटतं. तुटलं तिथे बुडबुडा. आणि ते अमक्याच ठिकाणी का तुटतं, तर..."

एवढ्यात दूध वर आलं आणि मी पळाले. परत आले तर ती शेवटाला पोचली होती. "...इतका बारीक कण, की डोळ्याला दिसत नाही. त्याच्या खाचेत हवा दडून बसलेली असते. कळलं ना?"

"कळलं," म्हटलं. मॅट्रिकला शास्त्रात मला बरे गुण होते, पण तेव्हाचं पाणी साधं होतं.

हे चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. त्यांना बोलायला आयताच विषय मिळाला. दाराला अडकण म्हणून लावलेलं पंपाचं जुनं पितळी चाक उचलून आणलं. त्यावर देवीच्या व्रणांसारखी भोकं आहेत. "हे कशाने झालं? दगडाने? नाही. बुडबुड्यांनी खाल्लंय. बुडबुडा म्हणजे शत्रू! पंपात शिरला की आत कुणी मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज येतो."

मी मनात म्हटलं, यांच्या पंपाचं वेगळं. आमची लेक तर बुडबुड्यांतच डॉक्टर व्हायला निघालीय.

आजचा आकडा ७१.

बुधवार, ता. ५

पाण्याचे सोपस्कार बघून मीही थक्क झाले. आधी उकळायचं. मग गाळणकागदातून तीनदा गाळायचं. मग बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून, रात्रभर निवत ठेवायचं. प्रत्येक बाटलीवर तारखेची चिठ्ठी. मीही पाणी दुहेरी फडक्याने गाळते, पण ही माझ्या वरताण निघाली. प्रयोग झालेलं पाणी मोरीत ओतत होती, ते मी थांबवलं. इस्त्रीला होईल.

आज खुर्ची घेऊन तिच्या मागे बसले. बिचारी त्या बटणाचा कान पिळतेय, पिळतेय... दहा, वीस, चाळीस, साठ... काही नाही! ७२ वर कुठे एकदा 'टिक्'. एवढ्या कष्टाला एवढंसं फळ. आणि पोर गुणगुणत होती. दुःख लपवायची सवय तिला माझ्याकडूनच आलीय.

मला राहवेना. शास्त्रातलं मला कळत नाही, पण आईला करता येण्यासारखं काहीतरी असतंच.

गुरुवार, ता. ६

आज गंमत झाली. कुणाला सांगितलेली नाही.

सकाळी थोरली अंघोळीला गेली तेव्हा आजची बाटली उचलली आणि देवाजवळ नेऊन ठेवली. बूच काढलं. बंद बाटलीत आशीर्वाद शिरणार कुठून? समोर अर्धी उदबत्ती लावली. (एका पुडीत वीस काड्या, महिना काढायचा, म्हणून मी रोज अर्धीच लावते. देव समजून घेतो.) हात जोडून सांगितलं, "देवा, हिचे बुडबुडे लवकर येऊ देत. फार ताटकळते रे." उदबत्ती विझेपर्यंत बाटली तिथेच ठेवली, मग बूच लावून जागच्या जागी.

आणि काय सांगू! आकडा अठ्ठेचाळीस! बहात्तरला यायचा तो बुडबुडा अठ्ठेचाळीसलाच हजर!

थोरली दोन घास खाऊन उठली. आनंदाने पोट भरलं असेल.

शुक्रवार, ता. ७

पुन्हा अर्धी. आकडा ४७. देवाचा शब्द पक्का असतो.

थोरलीने गाळणकागदाचा नवा डबा फोडला. जुना अर्धा शिल्लक होता. मी तो उचलून चहा गाळायला ठेवला.

शनिवार, ता. ८

आभार मानायला आज अख्खी काडी लावली. आकडा ३३!

जेवताना हे म्हणाले, "काय म्हणतंय पाणी?"

थोरली म्हणाली, "घसरतंय, बाबा."

"घसरतंय म्हणजे मार्गाला लागलंय," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, भाजीत मीठ पडलं नाही की काय.

सोमवार, ता. १०

घरात महाभारत. थोरलीने डोक्याला रुमाल बांधून सगळी खोली पुसली. मी पुसलेली खोली! मग सगळ्यांची उलटतपासणी. "कुणी आत येतं का? झाडू फिरवता का? आजी, तू पावडर लावून या खोलीत येतेस?"

सासूबाई मानेला पावडर लावतात, ती थोडी सांडते, हे खरंय. पण असं कुणी तोंडावर विचारतं का?

"माझी पावडर?" सासूबाई उसळल्या. "साठ वर्षं लावतेय! तुझ्या आजोबांनी कधी नाव ठेवलं नाही, आणि तुझ्या बाटलीला तिचा वास येतो?"

"आजी, वासाचं नाही गं, कणांचं..."

"कण! ऐक रे," त्या यांना म्हणाल्या, "तुझी लेक मला कण म्हणते!"

त्यांना मागच्या खोलीची बंदी झाली. त्यांनी थोरलीशी अबोला धरला. हे दोन्हीकडचे निरोप पोचवतायत. मी मध्ये पडले नाही. मला वाटलं, पंचवीस तारीख जवळ आली की पोरांचा स्वभाव असा तिखट होतोच. सकाळी अख्खी काडी लावलीच होती. आकडा ३४.

मंगळवार, ता. ११

थोरली मोरीत तोंडावर पाणी मारत होती. डोळे लाल. विचारलं तर, "काही नाही आई, साबण गेला." साबण मागच्या आठवड्यापासून संपलेला आहे. मी चुरा वापरतेय.

हिला नजर लागली असावी. उद्या भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मला चार दिवस तिकडे राहायला हवं. नेमकं आताच. देवाचं सासूबाईंवर सोपवलंय. त्या उदबत्ती लावत नाहीत, धुराने त्यांना ठसका लागतो. नुसते हात जोडतात. आमच्या बाटलीचं कसं व्हायचं?

रविवार, ता. १६

आज परतले. भावजय बरी आहे, काठी टेकत फिरते आणि घरभर हुकूम सोडते, म्हणजे अगदीच बरी आहे.

आल्या आल्या मागच्या खोलीत डोकावले. भिंतीवरच्या कागदावर चार दिवसांचे आकडे. ७०, ७२, ७१, ७१.

माझी पाठ वळली आणि बुडबुडे गेले! आणि थोरली पुन्हा गुणगुणतेय. किती सोसायचं पोरीने! मला म्हणाली, "आई, तू आलीस! आता सगळं ठीक होतंय."

"होईल, होईल," म्हटलं. प्रवासाने पाय ठणकत होते, ते विसरून मनाशी ठरवलं, उद्या काटकसर नाही.

सोमवार, ता. १७

दोन काड्या. अख्ख्या. माझ्या संसारात देवापुढे दोन काड्या एकदम कधी लागल्या नव्हत्या. बाटली अगदी पुढ्यात ठेवली. धुराची वेटोळी तिच्या तोंडाशी घोटाळत होती. मला तर वाटलं, देव फुंकर घालतोय.

आकडा १९.

थोरलीने बटण बंद केलं. ओरडली नाही, रडली नाही. भिंतीवरचा कागद काढून चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "मी परवा सकाळी दहाला मॅडमना फोन करते. सांगते, येऊ नका. माझ्या हाताला काही धड होत नाही."

मी म्हटलं, "अगं, एकोणीस! एवढ्या लवकर तर कधीच..."

"तेच तर म्हणतेय मी!" ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तेच तर? मला काही उमगेना.

मंगळवार, ता. १८

दुपारी यांना गाठलं. ते दारात बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होते.

"अहो, बुडबुडा लवकर आला तर चांगलं ना?"

"कुणाला?"

"थोरलीला."

त्यांनी दांडी खाली ठेवली. "अगं, स्वच्छ पाणी लवकर तुटत नाही, हेच तर तिला आधी दाखवायचंय. हा दोरा बघ. ताणला तर कुठे तुटेल? जिथे एखादा धागा उसवलाय तिथे. पाण्यात बारीक कण म्हणजे उसवलेला धागा. पाणी निर्मळ असेल तर ताण सोसतं, आकडा वर जातो. मग ती मोजून कण घालणार आणि दाखवणार, की बघा, एवढ्याशा कणांनी केवढा खाली आला. पण आधीच घाण पाणी असेल तर पुढे दाखवणार काय?"

"म्हणजे... बहात्तर चांगला?"

"फार चांगला."

"आणि एकोणीस?"

"एकोणीस म्हणजे कुणीतरी बाटलीत राख ओतल्यासारखं."

मी आत गेले आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. राख. देवा, तू माझं ऐकलंस, हीच तर सगळी अडचण झाली! मी मागितलं ते दिलंस. मागणारीच उलटी उभी होती.

आता इथे खरं तेच लिहिते, इथे कोण बघतंय. पहिला विचार आला तो असा, की गप्प बसावं. उद्यापासून बाटलीला हात लावायचा नाही, आकडे आपोआप वर जातील, कुणाला कळणारही नाही. पण मग ती दहाला फोन करणार. आणि सासूबाईंच्या पावडरीवरचा आळ तसाच राहणार. आणि पोरीला जन्मभर वाटत राहणार, की तिच्याच हातात खोट आहे. तिच्या हातात नाही. हात माझा आहे.

बुधवार, ता. १९

साडेनऊला ही वही घेऊन मागच्या खोलीत गेले. थोरली फोन समोर ठेवून बसली होती.

"दहा वाजायचेत अजून," मी म्हटलं. "आधी हे वाच. सहा तारखेपासून."

ती वाचायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. शाळेत गणिताच्या बाईंपुढे वही ठेवून असंच उभं राहायचे. पानं उलटल्याचा आवाज येत होता. एकदा नाकातून श्वास सोडल्याचा आला.

"आई."

"चुकलं गं माझं. मला वाटलं..."

"बूच किती वेळ उघडं होतं?"

"अं?"

"बूच, आई! उदबत्ती विझेपर्यंत ना? अर्ध्या काडीला किती वेळ लागतो?"

"अर्धी वीस मिनिटं. अख्खी चाळीस. पण तू..."

"आणि बाटली दर वेळी एकाच जागी?"

"डाव्या हाताला, पाटाच्या कडेला. उजवीकडे घंटी असते."

तिने भिंतीवरचा तो घडी घातलेला कागद उघडला, पाठीमागे दोन रेघा मारल्या आणि माझ्या वहीत बघून टिंबं द्यायला लागली. उदबत्ती नाही: ७१. अर्धी: ४८, ४७. एक: ३३, ३४. दोन: १९. टिंबं जोडली तर रेघ जिन्यावरून उतरल्यासारखी खाली आली.

"आई, उदबत्तीचा धूर! धुराचे कण. प्रयोगशाळेत मी विकतचे मोजलेले कण घालते, तू घरात..." आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी. या वेळी साबणाचं निमित्त नव्हतं. "देवाजवळ बाटली! बूच काढून! आशीर्वाद शिरायला!"

"हसतेस काय, रागाव ना."

"रागावणारच आहे. आधी हे संपू दे."

मॅडमना फोन केलाच नाही. साडेदहाला रागावली, चांगली पाच मिनिटं. मी ऐकून घेतलं. मग तिनेच चहा मागितला.

गुरुवार, ता. २०

सासूबाईंना सगळं कळलं. कुणी सांगितलं विचारायला नको, हे म्हणजे घरातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र.

"म्हणजे माझी पावडर निर्दोष," सासूबाई म्हणाल्या.

"हो आजी. चुकलं माझं."

"अशी नाही माफी. नवा डबा आण. मोठा." मग माझ्याकडे वळून, "आणि काय गं, मला ठसका लागतो म्हणून मी उदबत्ती लावत नाही, तर तू मला नास्तिक म्हणायचीस ना? बघ, त्या चार दिवसांत पोरीचं पाणी कुणी राखलं?"

मी त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

मंगळवार, ता. २५

मॅडम दहाच्या ठोक्याला आल्या. पुन्हा खिडकीवरून बोट. पुन्हा स्वच्छ.

थोरलीने तीन बंद बाटल्या लावल्या. ७१, ७२, ७१. मग विकतचे कण मोजून घातले, आकडा जेवढा खाली यायला हवा तेवढाच आला. मॅडम मान हलवत लिहीत होत्या. इथे थांबलो असतो तर सगळं गोडीने संपलं असतं. पण थोरली म्हणाली, "मॅडम, मध्ये काही आकडे बिघडले होते. ते मी लपवणार नाही. आई, ये."

आणि मला मॅडमच्या देखत अर्धी उदबत्ती लावावी लागली. काडेपेटीतल्या तीन काड्या ओढल्या तेव्हा एक पेटली. वीस मिनिटं आम्ही सगळे त्या बाटलीभोवती बसून होतो. सासूबाई दाराबाहेर, नाकाला पदर लावून. मी मनात देवाला म्हणाले, आज काही मागत नाही, फक्त बघ.

बूच लावलं, बटण फिरलं. चाळीस. पंचेचाळीस. टिक्.

"अठ्ठेचाळीस," मॅडम म्हणाल्या. पेन खाली ठेवलं. "ही नोंद आधीची कुठे आहे?"

"आईच्या वहीत," थोरली पटकन बोलून गेली.

"बघू."

मला एकदम आठवलं, तीन तारखेचं पान! पुढे होऊन म्हटलं, "मी वाचून दाखवते." पण वही त्यांच्या हातात गेली होती, आणि या बाई सुरुवातीपासून वाचणाऱ्यांतल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे ओळीवरून सरकत गेले, एका ठिकाणी थांबले, मागे आले, पुन्हा तीच ओळ.

मॅडम हसल्या. मोठ्याने. हातातली वही हलायला लागली.

"घ्या," त्या म्हणाल्या, "कर भरला."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. पण त्यांनी पुढची सगळी पानं वाचली, थोरलीचा टिंबांचा कागद शेजारी ठेवला आणि तिला म्हणाल्या, "प्रबंध पुढे पाठवू. धुराचं प्रकरण शेवटी वेगळं जोड. पण नीट, पुन्हा पहिल्यापासून करून. एक, अर्धी, पाव. काडीची लांबी मोजून." मग मला, "तुम्ही रोज तारीख घालून लिहिलंत, काडी किती ते लिहिलंत, बाटली कुठे ते लक्षात ठेवलंत. माझ्याकडची मुलं एवढं करत नाहीत."

"पुडी महिनाभर पुरवायची असते हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

निघताना दाराच्या अडकणाला त्यांचा पाय लागला. खाली वाकून त्यांनी ते पितळी चाक उचललं. यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. चप्पल घातलेल्या बाई पाऊण तास दारात उभ्या राहून पंपाच्या गोष्टी ऐकत होत्या.

बुधवार, ता. २६

पुडीत काड्या उरल्या आहेत साडेचार, आणि थोरलीला प्रयोगाला हव्यात म्हणे दहा. देवाच्या काड्या आणि शास्त्राच्या काड्या आता वेगळ्या पुडीत. सासूबाईंना पावडरीचा मोठा डबा आला, त्या आता दर तासाला लावतात.

सकाळी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, बुचं घट्ट आहेत ना ते बघितलं आणि मग देवापुढे आले. अर्धी उदबत्ती लावली. हात जोडले, आणि तसेच सोडून आधी मोरीच्या दाराशी गेले.

"अगं ए, आज काय मागायचंय? लवकर की उशिरा?"

आतून तांब्याचा आवाज थांबला. "उशिरा, आई! आज उशिरा!"

परत येऊन तेवढंच सांगितलं.